चांगलं ग्राफिक डिझाइन शोधायचं कसं: सुरुवात श्रेयाच्या ओळीपासून

पिंटरेस्टवर ‘मिनिमल पोस्टर’ असं टाकलं की पाच मिनिटांत दोनशे चित्रं जमा होतात. आठवड्यानं त्यातली चारही आठवत नाहीत. आठवली तरी ती कोणी केली, कोणासाठी केली, केवढ्या कागदावर छापली, हे सांगता येत नाही. असं चित्र कामाला येत नाही. फार तर त्याची नक्कल होते, तीही फिकी.

म्हणून या सगळ्या शोधात धरून ठेवायची गोष्ट एकच: चित्राखालची श्रेयाची ओळ. डिझायनर, ग्राहक, वर्ष, माप, छपाईची पद्धत, टाइपफेस (म्हणजे अक्षरांचा साचा, फॉन्ट). यातल्या प्रत्येक शब्दाचं बोट धरून पुढे जाता येतं. नुसत्या चित्रावरून मात्र तशाच दिसणाऱ्या आणखी चित्रांकडेच पोचता येतं, कारण सारखं दिसेल ते पुढ्यात आणून ओतणं हेच अल्गोरिदमचं काम.

आधी प्रश्न लिहून काढा

‘प्रेरणा हवी आहे’ हा काही प्रश्न नव्हे. ‘तीन लिप्यांतला मजकूर एकाच पोस्टरवर एकमेकांच्या पायात न येता कसा बसवतात?’ हा प्रश्न. ‘दोनच रंगांत छापलेलं मुखपृष्ठ भरगच्च कसं दिसतं?’ हाही प्रश्न. तो कागदावर लिहा, चाळीस मिनिटांचा वेळ लावा आणि जास्तीत जास्त सहा कामं निवडायची असं ठरवा. आकडा मुद्दाम लहान ठेवलाय. सहाच जागा असल्या की सातवं काम आवडल्यावर आधीच्या एकाला बाहेर काढावं लागतं, आणि ‘का काढलं’ याचं उत्तर देताना खरं बघणं सुरू होतं.

शोध आपल्या कामाच्या क्षेत्राबाहेर न्या. रुग्णालयाच्या दिशादर्शक फलकांचं काम हाती असेल तर इतर रुग्णालयं शेवटी बघा; आधी विमानतळ, रेल्वे स्थानकं, मोठी ग्रंथालयं. एका क्षेत्रातले लोक एकमेकांकडे बघूनच काम करतात, त्यामुळे तिथली उत्तरं आधीच एकसारखी झालेली असतात. वाट चुकलेल्या घाईतल्या माणसाचा प्रश्न मात्र सगळीकडे तोच असतो.

कुठे बघायचं

पहिला थर परीक्षकांनी निवडलेल्या कामाचा. डिझाइन आणि जाहिरातीची पारितोषिकं देणारी लंडनची डी अँड एडी ही संस्था १९६२ पासून आहे, टायपोग्राफीची, म्हणजे अक्षरांच्या मांडणीची, स्पर्धा घेणारा न्यूयॉर्कचा टाइप डायरेक्टर्स क्लब १९४६ पासून. टोकियोच्या टाइप डायरेक्टर्स क्लबची निवड या दोघांपेक्षा जास्त अनपेक्षित असते. नेटक्या मांडणीचा कंटाळा आला असेल तर तिथून सुरुवात करा. या संग्रहांत शिरताना दोन सावधगिऱ्या घ्या. एक, सर्वांत वरच्या पारितोषिकापासून सुरुवात करू नका. तिथे बहुतेक वेळा मोठ्या खर्चाच्या जाहिरात मोहिमा असतात. त्याऐवजी टायपोग्राफी, पुस्तकरचना, ग्राफिक डिझाइन अशा विभागांत जा आणि बक्षीस न मिळालेलं पण निवडलं गेलेलं काम बघा. दोन, स्पर्धेसाठी काम सादर करायला बनवलेल्या दोन मिनिटांच्या ‘केस फिल्म’वर विश्वास ठेवू नका. पार्श्वसंगीत आणि चढते आकडे लावले की साधारण पोस्टरही ऐतिहासिक वाटायला लागतं. आवाज बंद करा, प्रत्यक्ष काम दिसेल त्या क्षणी फिल्म थांबवा आणि तेवढंच बघा.

परीक्षकांची नावंही टिपून ठेवा. आपल्याला पटलेली निवड ज्यांनी केली त्यांचं स्वतःचं काम बहुधा बघण्याजोगं असतं, आणि ते स्पर्धेच्या यादीत सापडत नाही.

पोस्टरसाठी स्पर्धांचं वेगळंच जग आहे. वॉर्सॉची आंतरराष्ट्रीय पोस्टर द्वैवार्षिकी १९६६ साली सुरू झाली. तिथल्या विलानूफमध्ये १९६८ साली उघडलेलं पोस्टर संग्रहालय जगातलं आपल्या प्रकारचं पहिलं. जपानमधली तोयामाची त्रैवार्षिकी १९८५ पासूनची. जर्मनी, ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंड मिळून दरवर्षी ‘१०० बेस्टे प्लाकाटे’, म्हणजे शंभर सर्वोत्तम पोस्टरं, निवडतात. एकाच संध्याकाळी सलग पाच वर्षांच्या निवडी बघितल्या तर अक्षरं ताणण्याची, वितळवण्याची, पिळण्याची लाट कधी आली आणि कधी ओसरली हे डोळ्यांना कळतं. एका वर्षाच्या यादीतून ते कधीच कळत नाही.

पुस्तकांसाठी स्वित्झर्लंडची ‘सर्वांत सुंदर स्विस पुस्तकं’ ही निवड बघा. यान चिखोल्ड यांच्या पुढाकारानं ती १९४३ साली सुरू झाली. लाइपझिगला जगभरच्या पुस्तकांतून निवड होते आणि तिथला सर्वोच्च मान ‘गोल्डेने लेटर’, म्हणजे सोनेरी अक्षर. परीक्षकांची टिपणं वगळू नका. कागद कुठल्या दिशेनं दुमडला, बांधणी किती उघडते, समास का वाढवला, अशा गोष्टी छायाचित्रात दिसत नाहीत. त्या तिथे लिहिलेल्या सापडतात.

दुसरा थर माणसांचा. एजीआय, म्हणजे आलियांस ग्राफिक इंतरनॅशनाल, ही १९५० च्या दशकाच्या सुरुवातीची निवडक डिझायनरांची संघटना. तिची सदस्ययादी डिरेक्टरीसारखी वापरा: देश निवडा, नाव निवडा, थेट त्या माणसाच्या संकेतस्थळावर जा. आपल्या डोळ्यांना युरोप-अमेरिकेची इतकी सवय झालेली असते की मुद्दाम वाकडी वाट केली नाही तर बाकी जग दिसतच नाही. इराणचे रेझा आबेदिनी आणि होमा देलवराय, कोरियातली सुल्की आणि मिन ही जोडी, तैवानचे मुखपृष्ठकार वांग झी-होंग, हरारेत १९९९ साली झिवा ही डिझाइनशाळा उभी करणारे साकी माफुंडिक्वा, अरबी अक्षरकलेसाठी खत्त फाउंडेशन काढणाऱ्या हुदा स्मितशाउझेन अबीफारेस. यातलं एक नाव घ्या आणि त्यांच्याबरोबर कोणी काम केलं ते बघत जा.

शोधताना त्या त्या भाषेतला शब्द टाका. इंग्रजी ‘पोस्टर’ टाकून मिळतं ते वेगळं. जर्मन आणि पोलिश ‘प्लाकाट’, फ्रेंच ‘आफिश’, स्पॅनिश ‘कार्तेल’, इटालियन ‘मानिफेस्तो’ टाकून मिळतं ते पूर्ण वेगळं. जपानी, कोरियन, फारसीसाठी भाषांतराच्या ॲपमधून शब्द त्या लिपीत उतरवून घ्या आणि शोधपट्टीत चिकटवा. अर्ध्या मिनिटाचं काम, पण बहुतेक जण ते करत नाहीत.

तिसरा थर टाइपफेसचा आणि छापखान्यांचा. हा सर्वांत कमी वापरला जातो. २०१० साली सुरू झालेल्या ‘फॉन्ट्स इन यूज’ या संकेतस्थळावर एखादा टाइपफेस निवडला की तो वापरलेली कामं श्रेयासकट समोर येतात. न्यूझीलंडची क्लिम, स्वित्झर्लंडची ग्रिली टाइप अशा फाउंड्र्या, म्हणजे टाइपफेस बनवून विकणाऱ्या कंपन्या, नव्या टाइपफेससाठी स्वतंत्र छोटी संकेतस्थळं किंवा लांबलचक लेख काढतात, आणि ते स्वतःच पाहण्यासारखं डिझाइन असतं. हेगच्या रॉयल अकादमीतल्या ‘टाइप मीडिया’ अभ्यासक्रमाचे विद्यार्थी दरवर्षी आपल्या पदवीच्या कामाचं संकेतस्थळ बनवतात. पुढच्या तीन-चार वर्षांत पोस्टरांवर काय दिसणार याची चुणूक तिथे मिळते. पुस्तकाच्या शेवटच्या पानावर छापखान्याचं नाव असेल तर तेही शोधा. कसबी छापखान्याकडे कसबी डिझायनर पुन्हा पुन्हा जातात, त्यामुळे त्याची कामांची यादी म्हणजे निवडून ठेवलेला संग्रहच.

जुन्या संग्रहांकडे पाठ फिरवू नका. सान फ्रान्सिस्कोच्या लेटरफॉर्म आर्काइव्हमध्ये चित्रं इतकी मोठी करता येतात की शाईची कड दिसते. झुरिकच्या म्युझियम फ्युर गेश्टाल्टुंगचा पोस्टरसंग्रह ऑनलाइन आहे, आणि न्यूयॉर्कच्या कूपर हेविटमध्ये रंगावरून वस्तू शोधता येतात. ‘आज काय नवं?’ हे ओळखायला काल काय झालं ते माहीत असावं लागतं, नाहीतर साठ वर्षांपूर्वीची युक्ती ताजी म्हणून गळ्यात पडते.

बिहान्स आणि ड्रिबल ही डिझायनर आपलं काम मांडतात ती संकेतस्थळं वापरायला हरकत नाही, पण तिथलं बरंच काम कोणी मागितलेलं नसतं. ग्राहकाचं नाव नाही, लोगो फक्त कपावर, पिशवीवर आणि भिंतीवर चढवलेला, सगळ्या चित्रांत सावली त्याच कोनात: ही ती ओळखायची खूण. अशा कामाला अडचणच आलेली नसते. लांबलचक नाव, प्रायोजकांचे नऊ लोगो, कायद्यानं लागणारी बारीक ओळ, यातलं काहीच त्यात सामावून घ्यावं लागलेलं नसतं. म्हणून ते इतकं मोकळं आणि देखणं दिसतं, आणि म्हणूनच त्यातून शिकायला फारसं काही मिळत नाही.

आरेना (Are.na) हे चित्रं आणि दुवे जमवायचं संकेतस्थळ थोडं निराळं आहे. तिथे एखादं चित्र उघडलं की ते आणखी कोणाकोणाच्या ‘चॅनल’मध्ये आहे हे दिसतं. चित्र सोडा, त्या माणसांची चॅनलं उघडा. कोणीतरी दोन वर्षं चिकाटीनं जमवलेले ‘नकाशांच्या कोपऱ्यातले खुलासे’ किंवा ‘प्रयोगशाळेतली लेबलं’ असं काही तिथे सापडतं, जे शोधपट्टीत टाकायला सुचलंच नसतं.

इन्स्टाग्रामवर डिझाइन एकत्र करणारी पानं सोडून द्या आणि साठ-सत्तर स्टुडिओ, फाउंड्र्या, संग्रहालयं थेट फॉलो करा, तेही वेगळ्या खात्यावरून. मग फक्त ‘फॉलोइंग’चा क्रम बघा. व्याख्यानांसाठी मिनियापोलिसच्या वॉकर आर्ट सेंटरची ‘इन्साइट्स’ मालिका आणि ए-टाइप-आय या टायपोग्राफीच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या परिषदांची चित्रणं चांगली. त्यांतली प्रश्नोत्तरं चुकवू नका; काय फसलं हे डिझायनर तिथेच बोलतात.

अनाथ चित्राचा माग

नाव नसलेलं पण सोडवत नसलेलं चित्र हाती लागतंच. त्याचा माग काढायचा क्रम असा:

१. मोठी प्रत मिळवा. दोन-अडीचशे पिक्सेल रुंदीच्या लघुचित्रावर पुढची एकही युक्ती चालत नाही.

२. कडा तपासा. पोस्टरच्या तळाला किंवा उभ्या बाजूला बारीक अक्षरांत डिझायनरचं, कधी छापखान्याचं नाव असतं. कोणी चित्र कापून टाकलं असेल तर पहिली जाते ती हीच कड.

३. चित्रावरून शोध घेणाऱ्या गूगल लेन्सवर आधी पूर्ण चित्र टाका, मग फ्रेम, भिंत, हात असलं सगळं कापून फक्त पोस्टर टाका. मॉकअपची, म्हणजे पोस्टर लावल्याचा देखावा केलेल्या चित्रातली, भिंत ठेवली तर यंत्र भिंतीच शोधून आणतं.

४. चित्र आधी कुठे कुठे आलं ते शोधणाऱ्या टिनआयवर टाकून ‘सर्वांत जुनं’ या क्रमानं लावा. ती तारीख त्यांच्या यंत्रणेला चित्र पहिल्यांदा दिसलं तेव्हाची असते, काम झालं तेव्हाची नव्हे. तरीही मूळ जागा बहुधा यादीच्या वरच्या टोकाला सापडते.

५. पोस्टरवरचा मजकूर वाचा. नाटकाच्या, संगीताच्या पोस्टरवर वर्ष बहुतेकदा नसतं, पण वार आणि तारीख असते. ‘शुक्रवार, १३ मार्च’ असेल तर २००९, २०१५, २०२० किंवा २०२६; मधली सगळी वर्षं गळाली. आता संस्थेचं नाव आणि ही चार वर्षं एवढंच शोधायचं.

६. चित्रातल्या अक्षरांवरून टाइपफेस ओळखणाऱ्या ‘व्हॉट द फॉन्ट’वर एक ओळ टाका. अक्षरं आडवी आणि सुटी असावीत. तिरकी किंवा चिकटलेली असतील तर आधी सरळ करून घ्या. टाइपफेस २०१८ साली बाजारात आला असेल तर पोस्टर सहसा त्याआधीचं नसणार. तिथून ‘फॉन्ट्स इन यूज’वर जा.

७. दुवा मेलेला असेल तर संकेतस्थळांच्या जुन्या प्रती जपणाऱ्या वेबॅक मशीनवर संस्थेच्या जुन्या संकेतस्थळाची त्या वर्षातली प्रत उघडा.

एवढं करूनही नाव लागलं नाही तर आणखी एक शंका घ्या: चित्र यंत्रानं बनवलेलं असेल. मोठी अक्षरं नीट आणि तळाच्या बारीक ओळी म्हणजे अक्षरांसारख्या दिसणाऱ्या रेघोट्या, तारीख-वार जुळत नाही, कुठल्याच संस्थेचा पत्ता नाही. पिंटरेस्टवर अशी पोस्टरं आता भरपूर आहेत.

बघायचं कसं

पोस्टर फोनवर बघणं म्हणजे ते न बघण्यासारखंच. बी१ आकाराचा कागद ७०७ × १००० मिलिमीटर असतो आणि फोनचा पडदा साधारण ७० मिलिमीटर रुंद. म्हणजे सगळं दहापट लहान. तीन सेंटीमीटरचं अक्षर तीन मिलिमीटरचं होतं, आणि डिझायनरनं रस्त्यापलीकडून वाचायला ठेवलेली ओळ तळटीप वाटायला लागते. मोठ्या-लहानाचं जे नाट्य त्यानं रचलं तेच हरवतं. फोनवर जी पोस्टरं उठून दिसतात ती मग एकाच साच्याची असतात: मध्यभागी एक मोठा आकार, भडक रंग, मजकूर जवळजवळ नाही. फोनवरून निवड केली की आवडही त्याच साच्यात बसते.

यावर साधा उपाय आहे. निवडलेलं पोस्टर ए४ कागदावर छापा. बी१ आणि ए४ यांचं लांबी-रुंदीचं प्रमाण एकच असल्यानं काही कापलं जात नाही, आणि लहान होण्याचा गुणक सुमारे ३.४ येतो. ए४ वर पट्टीनं ३ मिलिमीटर भरलेलं अक्षर मुळात सुमारे १० मिलिमीटर. जपानी बी१ थोडा मोठा, ७२८ × १०३० मिलिमीटर, तिथे ३.५ धरा. स्विस रस्त्यावरचं पोस्टर ८९५ × १२८० मिलिमीटर, प्रमाणही किंचित वेगळं, तिथे ४.३ धरा आणि बाजूला उरलेली पांढरी पट्टी तशीच सोडा. श्रेयाच्या ओळीतलं माप हवं ते यासाठी.

आता पट्टी घ्या. सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान अक्षराची उंची मोजा आणि भागाकार करा. बिचकत केलेल्या पोस्टरात हे प्रमाण तीन-चारपट निघतं, धीट पोस्टरात वीसपट, कधी चाळीसपट. मग सगळ्या कडांवरचा समास मोजा. दोन मिनिटं बघून कागद उलटा ठेवा आणि आठवणीतून पेन्सिलनं आगपेटीएवढं रेखाटन काढा. जे चुकीच्या जागी गेलं किंवा विसरलं, तिथेच आपल्या सवयीपेक्षा वेगळा निर्णय घेतलेला असतो. पुन्हा बघायचं ते तेवढंच.

न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियमची २०१३ साली आलेली ओळख, म्हणजे लोगो, अक्षरं आणि मांडणीचे नियम, घ्या. ॲमस्टरडॅमच्या एक्सपेरिमेंटल जेटसेट या स्टुडिओचं काम. पहिल्या नजरेला फक्त एक बारीक, कोनदार, ‘डब्ल्यू’सारखी रेघ आणि साधी काळी अक्षरं. ‘मिनिमल’ म्हणून जतन करून पुढे जाण्याजोगं. आता त्याच ओळखीची आठ-दहा उदाहरणं शेजारी मांडा. रेघेची जाडी हलकीच राहते, पण आकार दर वेळी वेगळा: उंच कागदावर उभा ताणलेला, आडव्या पट्टीवर पसरलेला, कलाकृतीचं चित्र डावीकडे असेल तर उजवीकडच्या उरलेल्या जागेत दुमडलेला. नियम दिसायला लागतो. आधी चित्राला जागा, मग जे उरेल त्याच्या कडांना भिडेल असा ‘डब्ल्यू’. अक्षरं नॉये हास ग्रोटेस्कची, म्हणजे पुढे हेल्व्हेटिका या नावानं गाजलेल्या टाइपफेसच्या मूळ रूपाचं पुनरुज्जीवन. आणि मग स्टुडिओच्या संकेतस्थळावरचं त्यांचंच लांबलचक विवेचन वाचा, म्हणजे कलेचा इतिहास सरळ रेषेत जात नाही हा विचार त्या नागमोडीमागे आहे हे समजतं. उचलायचं काय, तर ‘उरलेली जागा लोगोचा आकार ठरवते’ हा नियम. बारीक रेघ उचलली तर फक्त बारीक रेघच हाती राहते.

जोडी लावून बघणंही फार शिकवतं: त्याच ग्राहकाची आधीची आणि नंतरची ओळख. एमआयटी मीडिया लॅबची २०११ ची ओळख रिचर्ड द आणि ई रून कांग यांची. अल्गोरिदममधून ४०,००० रूपं निघू शकतील अशी ती रचना होती. २०१४ साली पेंटाग्राम या डिझाइन कंपनीच्या मायकल बिएरुट यांनी ७ × ७ चौकटींची जाळी घेतली आणि संस्थेचं चिन्ह आणि प्रत्येक संशोधनगटाचं चिन्ह त्याच जाळीतून काढलं. दोन्ही कामं उत्तम. पहिल्यात दर वेळी नवं दिसणं महत्त्वाचं, दुसऱ्यात पुन्हा भेटल्यावर ओळखू येणं. ब्रीफ, म्हणजे ग्राहकानं काय मागितलं होतं ते, वाचल्याशिवाय यातलं सरस कोणतं हे सांगताच येत नाही, आणि ब्रीफचा अंदाज अशा जोडीतूनच येतो.

छापील कामाबद्दल एक गोष्ट पडदा सांगत नाही. फ्लूओरोसंट गुलाबी, चंदेरी, सोनेरी हे वेगळ्या शाईचे रंग पडद्यावर उतरत नाहीत. गुलाबी फक्त गुलाबी दिसतो, चंदेरीचा राखाडी होतो. रिसोग्राफ या छपाईयंत्रावर (थोडक्यात ‘रिसो’) छपाई एकेका रंगानं होते आणि रंग एखाद-दोन मिलिमीटर सरकतात; काही डिझायनर ही सरक गृहीत धरूनच आकार एकमेकांवर चढवतात. तेव्हा ‘छपाई: रिसो, दोन रंग’ एवढी नोंद दिसली की ती कड चूक म्हणून नव्हे, योजना म्हणून बघता येते.

हलत्या कामाचं स्थिर चित्र साठवू नका. स्टुडिओ डुंबारनं २०१९ साली सुरू केलेल्या ‘डेमो’ महोत्सवात ॲमस्टरडॅमच्या मध्यवर्ती स्थानकातले पडदे २४ तास हलत्या टायपोग्राफीला दिले होते. त्यातल्या कामांचं एक चित्र घेतलं तर हाती जवळजवळ काहीच राहत नाही. यूट्यूबवर व्हिडिओ थांबवून स्वल्पविराम आणि पूर्णविरामाच्या कळा दाबल्या की एकेक फ्रेम मागे-पुढे जाते. अक्षर निघताना किती फ्रेम घेतं आणि थांबताना किती, हे मोजा. सगळा डौल त्या फरकात असतो.

साठवण

फाइलचं नाव असं ठेवा: वर्ष, डिझायनर, ग्राहक, माप. त्याखाली एकच वाक्य, आणि त्यात क्रियापद हवं. ‘छान रंग’ चालणार नाही. ‘तारीख सर्वांत मोठी करून नाव तिच्या पोटात बसवलंय’ चालेल. फोल्डर रंगांचे किंवा शैलींचे करू नका. ‘निळं’, ‘रेट्रो’ असल्या फोल्डरमधून तीन महिन्यांनी हवं ते सापडत नाही, कारण काम समोर येतं ते अडचणीच्या रूपात. म्हणून फोल्डरही अडचणींचे: ‘मजकूर फार’, ‘छायाचित्र वाईट’, ‘दोन लिप्या’, ‘लोगोंची गर्दी’. एका फोल्डरमध्ये तीसपेक्षा जास्त झाले की नवं घालताना जुनं एक काढा.

नाव न लागलेल्या चित्रांचा फोल्डर मात्र वेगळा, ‘अनाथ’. दर तीन महिन्यांनी त्यातली चित्रं पुन्हा लेन्स आणि टिनआयमधून काढा; मधल्या काळात एखाद्या संग्रहालयानं नवी भर घातलेली असते आणि अचानक नाव लागतं. दोनदा प्रयत्न करूनही लागलं नाही तर चित्र पुसून टाका.